आठवा लागायच्या आत

१७ नोव्हेंबर १९७४, रविवार

काल राजूरला व्याह्यांच्या ओट्यावर चारचौघांत जाहीर करून टाकलं ते बरंच झालं. राहीला पहिल्या बाळंतपणाला आणायचं ते एसटीनं नाही, टेम्पोनं नाही, बैलगाडीनं तर नाहीच. माझ्या इलेक्ट्रिक गाडीतून. व्याही पुंजारामबापू तंबाखू मळत होते, ते मळायचे थांबले. विहीणबाई बायडाबाई दारातून डोकावल्या. जावई गोरक्षनाथ मास्तर आहेत, त्यांनी तेवढं विचारलं, गाडी तयार आहे का. मी म्हणालो, जवळजवळ.

विहीणबाईंचा हिशेब असा. चार डिसेंबरला राहीला आठवा लागतो. आठव्यात पोटुशी बाई गावची शीव ओलांडत नाही. त्याच्या आत आणली तर आणली, नाहीतर बाळंतपण तिकडेच. त्यांच्या घरात खाणारी तोंडं अकरा. सातव्या महिन्यातसुद्धा पोर झऱ्यावरून दोन-दोन हंडे आणते.  घरी आल्या आल्या माझ्या बायकोनं, साळूनं, मधली खोली सारवून काढली आणि लेकीसाठी बाज टाकली.

अकोले ते राजूर बावीस किलोमीटर. गाडी एका चार्जमध्ये तीस जाते (कागदावर). आणि हाताशी सतरा दिवस. काळजीचं कारणच नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून तपशील लिहून ठेवतो. सांगाडा मोडक्या रिक्षाचा. मोटर भंगारातली डीसी, मी स्वतः वाइंडिंग केलेली. अजीजभाईंच्या दुकानातून ट्रकच्या चार जुन्या बॅटऱ्या. चार्जर घरी बांधला. वीस वर्षं शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी बांधतोय. ज्या जळून परत आल्या त्या त्यांच्या चुकीनं.

गेल्या वर्षापासून पेट्रोलच्या भावानं लोकांचे डोळे पांढरे केलेत. उद्या सगळं जग बॅटरीवर येणार. अकोले आज आलं.

संध्याकाळी ६.१० ला चार्जिंग सुरू. ६.११ ला फ्यूज गेला.

फ्यूजला जाड तार घातली. ६.४० ला खांबावरचा गेला. सबंध आळी अंधारात. कोणीतरी माझं नाव घेऊन काहीतरी बोललं, नीट ऐकू आलं नाही. ऐकायला थांबलोही नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

नवा नियम. चार्जिंग चालू असताना घरात एकही बल्ब नको. साळू कंदिलाच्या उजेडात भाकरी करते. तिचं म्हणणं, घरात वीज घेतली ती कंदील लावायला का. मी तिला लोड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्या ताटात करपलेली भाकरी वाढली. अंधारात दिसली नाही म्हणाली.

वीज दिवसा सहा-सहा तास जाते. येते तेव्हा इतकी मंद की बल्बमधली तार मोजता यावी. तरी एकूण नऊ तास चार्ज झाला. मी समाधानी आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी चार

ट्रायल. पहिले पाच किलोमीटर अप्रतिम. आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही. रस्त्यातली कुत्री भुंकायची विसरली. माझी राही यात झोपून येईल.

परत येताना गाडी थांबली. समोरून वारा होता. एका शेतकऱ्यानं बैल लावून घरापर्यंत आणली. बैलांच्या मागे बसून गावातून येणं मला अवघड गेलं, पण मी स्टिअरिंग सोडलं नाही. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असेल की बैल सहज पुढे चाललेत.

अकरा दिवस राहिले.

२४ नोव्हेंबर, रविवार

मार्ग सापडला. घरी चार्ज करून निघायचं आणि वाटेत पुन्हा चार्ज करायचं. रुंभोडीला सहादेवची विजेवरची पिठाची गिरणी आहे. तिची मोटर मीच बांधली आहे, तेव्हा त्याला नाही म्हणायला जागा नाही. भेटून आलो. तो म्हणाला, लाव की. गिरणी बंद असंल तवा लाव.

म्हणजे घरचं चार्जिंग, वाटेतलं चार्जिंग, मग विठ्याचा घाट आणि राजूर. पेट्रोलवाल्यांना पंप लागतात. आम्हाला गिरणी पुरते. मंगळवारी निघणार. साळूला सांगितलं, मंगळवारी संध्याकाळी लेक घरात.

तिनं शेवयांचा डबा काढून उन्हात ठेवला.

२६ नोव्हेंबर, मंगळवार. रात्री आठ

आज राजूरला गेलो नाही.

म्हणजे निघालो वेळेवर. रुंभोडीला साडेसातला पोचलो. पण वीज पहाटेपासून गायब, आणि गिरणीपुढे वीस-पंचवीस बाया दळणाच्या पाट्या घेऊन बसलेल्या. साडेदहाला वीज आली. मी वायर घेऊन पुढे झालो तर एका म्हातारीनं पाटी माझ्या पायांपुढे सरकवली आणि म्हणाली, "आदी दळान, मग तुजा रथ. पोटाला काय वायर लावू?"

सहादेव हसला. त्याला मी मोटर फुकट बांधून द्यायला नको होती.

मध्ये एकदा पट्टा सुटला, गिरणी थांबली. तेवढ्यात मी चाळीस मिनिटं चार्जिंग करून घेतलं. मग पुन्हा वीज गेली. तसाच पुढे निघालो. घाटाच्या पायथ्याला बॅटरीच्या मीटरचा काटा खाली आला. शहाणपणानं मागे फिरलो. डोक्यापासून पायापर्यंत पीठ. दारात साळू उभी होती, हातात भाकरतुकडा, लेकीवरून ओवाळायला. तिनं माझ्या मागे पाहिलं, मग आणखी मागे पाहिलं आणि आत गेली.

गाडीत दोष नाही. दोष दळणात आहे.

२७ नोव्हेंबर, बुधवार

सकाळच्या एसटीच्या कंडक्टरनं राहीची चिठ्ठी आणून दिली. लिहिते, आप्पा, एसटीनं आलात तरी चालेल. पुढच्या बाकावर बसलं की धक्के लागत नाहीत. आईला सांगा, बाज खिडकीजवळ टाक. मला आता वाकता येत नाही, पण यांच्याकडे ते सांगायची सोय नाही.

पोर लहानपणापासून समजूतदार. बापाला त्रास नको म्हणून लिहिलंय. साळू म्हणाली, समजूतदार न्हाई, थकलीय ती. मी उद्या एसटीनं जाते, घेऊन येते. मी विचारलं, मग व्याह्यांच्या ओट्यावर मी काय तोंड दाखवू? ती म्हणाली, तेच दाखवा, दुसरं कुठंय.

या वयात बायका तोंडाळ होतात.

बाज मात्र मी खिडकीजवळ सरकवली.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

अजीजभाई येऊन बॅटऱ्या पाहून गेले. बूच उघडून आत डोकावले आणि म्हणाले, गहिनीशेठ, पाणी तळाला गेलंय, प्लेटा उघड्या पडल्यात. डिस्टिल वॉटरचे दोन डबे आणून दिले आणि तीनदा बजावलं की यात दुसरं पाणी एक थेंब जाता कामा नये. मला बजावतात.

जाता जाता म्हणाले, त्यांचा टेम्पो भाजी घेऊन रविवारी राजूरला जायचाय, मुक्काम करून सोमवारी रिकामा परत. मागे गादी टाकू, राहीबेटीला अलगद आणू. माणूस चांगला आहे, पण दृष्टी टेम्पोपुरती. नको म्हणालो.

उद्या ग्रहण. ग्रहणात कोणी पोटुशीला हलवत नाही, त्यामुळे उद्याचा दिवस तसाही बाद. परवा पाणी भरायचं, चार्ज करायचं, रविवारी कूच. साळूला डबे दाखवले आणि सांगितलं की हे पाणी सगळ्यात शुद्ध, याच्यावरच राहीची गाडी चालायची, जिवापाड जप. तिनं डबे उचलून देवघराखाली ठेवले. कधी कधी ऐकते.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार. त्रिपुरी पौर्णिमा, खग्रास चंद्रग्रहण

ग्रहण संध्याकाळी सातला लागलं, दहाच्या सुमाराला सुटलं. साळूनं सगळं रीतीनं केलं. ग्रहण सुटल्यावर अंघोळ करून घरातलं साठवणीचं पाणी झाडून सगळं ओतून दिलं. हंडे, कळशा, माठ, डबे, काही म्हणजे काही ठेवलं नाही. मग विहिरीवर चार खेपा करून सगळं ताजं भरलं आणि प्रत्येकात तुळशीचं पान टाकलं. या वयात एवढा उरक. मी अंथरुणातून पाहून थक्क झालो.

राजूरला राही एका जागी बसून असेल. मास्तरांनी तिच्याजवळ बसायला हवं.

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी बॅटऱ्यांत दोन्ही डबे रिकामे केले. एका डब्यात तुळशीचं पान निघालं. अजीजभाईंच्या मालाला स्वच्छता म्हणून नाही.

वीज आज चक्क आठ तास टिकली. बॅटऱ्या अशा फसफसतायत की बघत राहावं. पूर्वी एवढा जोर नव्हता. शुद्ध पाण्याचा परिणाम.

दुपारच्या कंडक्टरबरोबर राजूरला निरोप धाडला: उद्या रविवारी बारापर्यंत पोचतो, राहीला तयार ठेवावं, खोळंबा नको.

१ डिसेंबर, रविवार. विठ्याच्या घाटात, दुपारी तीन

डायरी बरोबर होती म्हणून लिहितोय. दुसरं करण्यासारखं काही नाही.

रुंभोडीपर्यंत सुरळीत. सहादेवच्या गिरणीला आज सुट्टी, पूर्ण दोन तास चार्जिंग मिळालं. काटा शेवटपर्यंत वर. साडेअकराला घाटाला लागलो. पहिलं वळण घेतलं. दुसऱ्याला गाडी म्हातारीसारखी धापा टाकायला लागली. तिसऱ्याला बसली.

अर्धा तास थांबलं की बॅटरी थोडी सावरते. मग शंभर पावलं जाते. पुन्हा अर्धा तास. मग साठ पावलं. आता चाळीस.

दोन एसट्या वर गेल्या. दोन्हींत जागा होती. दुसरीच्या ड्रायव्हरनं गाडी हळू केली, हात केला. मी त्याला हातानंच सांगितलं, जा, विशेष काही नाही.

 सकाळपासून पोटात अन्न नाही.

तिकडे बारा कधीच वाजून गेले.

२ डिसेंबर, सोमवार

रात्र वळणाखालच्या वाडीत काढली. वाडीत वीज नाही. त्यांनी नागलीची भाकरी दिली, गाडीत भूत शिरलंय का असंही विचारलं.

सकाळी वरून अजीजभाईंचा टेम्पो आला. गाडीजवळ थांबवून ते खाली उतरले. बूच काढलं, वास घेतला, बोट बुडवून चोळलं. म्हणाले, शेठ, हे विहिरीचं मचूळ पाणी हाय. हे माझ्या डब्यातलं न्हाई. बॅटऱ्या मेल्या.

मग ते पुढे बोलले, आणि ते मी इथे जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण ते माझ्या कानातून जात नाही. म्हणाले, "राहीबेटी काल दुपारपासून वट्यावर बसून हाय. ट्रंक शेजारी, कपाळाला मळवट, ओटीत नारळ. विहीणबाईंनी ओटी भरून बाहेर काढली तिला. दिवेलागणीला मी पाहिली, तवाबी तिथंच. चला, टेम्पो फिरवतो. तासात जाऊ, दुपारी घरी आणू."

परवा आठवा लागतो. टेम्पो रिकामा होता. गादी टाकलेली होती. हे सगळं मला दिसत होतं.

मी म्हणालो, नको. मागून दोर लावा आणि गाडी अकोल्याला घेऊन चला. नवं ॲसिड भरून उद्या रात्रीपर्यंत चार्ज होईल, परवा पहाटे मी स्वतः जातो. अजीजभाई माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना समजावलं की टेम्पोनं गेलो तर व्याही जन्मभर तेच काढत बसतील, आणि त्याचा त्रास पोरीलाच. यात माझा स्वतःचा काही विचार नाही. त्यांनी दोर बांधला.

घरी आल्यावर साळूला पाण्याचं विचारलं. ती म्हणाली, "मीच वतलं. गिरानातलं पानी माज्या पोटुश्या पोरीच्या गाडीत कसं घालू?"

विहिरीच्या त्या चार खेपांतल्या दोन या डब्यांच्या. मी रागावणार होतो, पण राग कुठून सुरू करायचा ते सापडेना.

अजीजभाईंनी काय सांगितलं ते मी तिला सांगितलं नाही. त्यांनी जाता जाता दारातच सांगितलं होतं.

३ डिसेंबर, मंगळवार

बॅटऱ्या धुतल्या. जुन्यांपैकी दोन टाकल्या, दोन नव्या घेतल्या, सगळ्यांत ताजं ॲसिड. अजीजभाई म्हणतात, नव्या बॅटरीला पहिलं चार्जिंग सावकाश, छत्तीस तास. चोवीसात भागेल असं माझं मत.

सकाळी आठ ते दोन वीज नाही. दोन ते पाच आली. पाचला गेली. सात वाजता आली, पण इतकी मंद की चार्जर नुसता गुरगुरतो. मी दर पंधरा मिनिटांनी काटा बघतोय. काटा माझ्याकडे बघतोय.

एक विचार सुचला. आठवा चारलाच लागतो हे कोणी ठरवलं? विहीणबाईंनी बोटांवर मोजून. बोटांचं मोजणं एक-दोन दिवस इकडेतिकडे होतंच. पाचला गेलो तरी चालावं. सहाही.

साळू मधल्या खोलीत बाजेवर बसून आहे. जेवायला बोलावलं तर आली नाही. मी एकट्यानं जेवलो, अंधारात.

४ डिसेंबर, बुधवार. संध्याकाळी सहा

पहाटे उठलो तर साळू घरात नव्हती. वाटलं, विहिरीवर. मग वाटलं, बाजारात. पिठाचा डबा जागेवर नव्हता, शेवयांचाही नव्हता. दळायला गेली असेल असं धरून मी चार्जिंगकडे लक्ष दिलं. वीज छान होती.

पाचच्या एसटीच्या कंडक्टरनं जावयांची चिठ्ठी दिली. सकाळच्या पहिल्या गाडीनं राहीच्या आई इथे पोचल्या. राहीला न्यायला आल्या होत्या, पण आमच्या आईचं म्हणणं पडलं की आज आठवा लागला, आता शीव ओलांडायची नाही. बाळंतपण इथेच होईल. राहीच्या आई बाळंतपणापर्यंत इथे राहतील. आमच्या घरचं त्या काही घेत नाहीत, गोठ्याशेजारी तीन दगड मांडून स्वतःपुरतं शिजवतात. काळजी नसावी.

लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दिवाळीला गेलो तेव्हाही साळूनं घरून कळशी नेली होती. आता दोन महिने तिथं राहायचं, परक्याच्या गोठ्याशेजारी, आणि दिवसभर त्यांच्या चुलीला हातभार लावून स्वतः बाहेर जेवायचं.

चिठ्ठी चारदा वाचली. काळजी नसावी असंच लिहिलंय.

सव्वापाचला बॅटऱ्या फुल झाल्या.

१२ डिसेंबर, गुरुवार. रात्री

आज गाडी राजूरला पोचली. नोंद करून ठेवतो: घरून एकच चार्ज, गिरणीवर थांबलो नाही, घाट एका दमात. बावीस किलोमीटर. पहिला प्रवास यशस्वी.

पुंजारामबापूंनी गाडीभोवती फेरी मारली, चांगलीय म्हणाले. खरंच चांगली म्हणाले, चेष्टा नव्हती. मी परतीसाठी वीज मागितली तर स्वतः खिडकीतून वायर ओढून दिली. चार तास ओट्यावर गाडीशेजारी बसलो. येणारे-जाणारे गाडी बघत होते. मी प्रत्येकाला चार्जिंगची माहिती दिली.

साळू गोठ्याशेजारी चूल फुंकत होती. वाळली आहे. तिनं तिच्या तीन दगडांवरची भाकरी मला आणून दिली आणि घरचं कुलूप नीट लावलं का एवढंच विचारलं. मी म्हणालो, लावलं. घरी चल असं म्हणायचं होतं, पण तिला राही सोडून कसं नेणार.

राही बाहेर आली, खांबाला धरून उभी राहिली. पोट खाली उतरलंय तिचं. मी तिला सांगितलं की आता गाडीला काही अडचण नाही, घाटसुद्धा चढते, त्या दिवशी पाण्याचा घोटाळा झाला होता. ती सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आप्पा, ओटी भरल्यावर परत घरात कसं शिरायचं ते कुणालाच म्हाईत नव्हतं. अंधार पडल्यावर मला मागच्या दारानं आत घेतली."

 मी काटा बघायला म्हणून उठलो.

चार वाजता वायर काढली आणि निघालो. परत येताना घाट उताराचा. घरी पोचलो तेव्हा निम्म्याहून जास्त चार्ज शिल्लक होता. गाडीत मी एकटाच होतो ना.